हॉटेल आणि एअरबीएनबीच्या मुक्कामावरचा टॅक्स: दर किती हे नंतर, पैसा कुठे जातो ते आधी विचारा

प्रश्न असा आहे की शहर हॉटेलच्या खोलीवर आणि आता एअरबीएनबीसारख्या थोड्या दिवसांच्या भाड्यावर जो टॅक्स घेतं तो ठरतो कसा, गोळा कोण करतं, आणि शेवटी तो पैसा जातो कुठे, शहरात राहणाऱ्या माणसाला त्यातून काही मिळतं का. माझी बरीच वर्षं याच कामात गेली, आधी वसुली आणि ऑडिट, नंतर बजेटच्या बाजूने वाटप, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. थोडक्यात हवं असेल तर एवढंच सांगतो की नगरपरिषदेच्या सभेत सगळे दरावर भांडतात, १२ टक्के ठेवायचा की १४ टक्के, आणि ज्या कलमात लिहिलेलं असतं की हा पैसा कशावर खर्च करता येईल आणि कशावर नाही, ते कलम फार थोडे लोक वाचतात. दर पुढेमागे बदलता येतो. खर्चाचं कलम एकदा बसलं की त्याच्याभोवती संस्था उभ्या राहतात, माणसं नोकरीला लागतात, त्या उत्पन्नावर कर्जं काढली जातात, मग ते हलवणं महाकठीण.

आधी पाया. हा टॅक्स भरतो पाहुणा, हॉटेल नाही. हॉटेल किंवा घरमालक फक्त तो पाहुण्याकडून घेऊन शहराच्या तिजोरीत भरतो, म्हणजे तो पैसा एक दिवससुद्धा त्याचा नसतो, शहराचा असतो. हे कायद्यात स्पष्ट असलं पाहिजे कारण धंदा बुडाला की पहिल्यांदा हाच पैसा वापरला जातो, आणि मग मालक म्हणतो माझ्याकडे टॅक्स भरायला पैसेच नाहीत. अहो तुमच्याकडे नसतील, पण पाहुण्याने तर दिले होते ना.

थोड्या दिवसांचा मुक्काम म्हणजे किती, तर अमेरिकेत बऱ्याच शहरांत सलग ३० दिवसांपेक्षा कमी, फ्लोरिडात मात्र सहा महिन्यांपर्यंतचा मुक्काम टॅक्समध्ये येतो. ही रेघ कुठे मारली यावर खूप काही ठरतं. ३० दिवसांवर रेघ असेल तर ३१ दिवसांचं बुकिंग दाखवून दहा दिवसांत खोली सोडणारे पाहुणे आणि त्यात सामील असलेले मालक हमखास सापडतात, म्हणून नियमात असं लिहावं लागतं की करार किती दिवसांचा हे नाही, पैसे आणि राहणं प्रत्यक्ष किती दिवसांचं तेच धरलं जाईल.

ही कल्पना काही एअरबीएनबीमुळे आली नाही. फ्रान्समध्ये १९१० च्या कायद्याने गावांना मुक्कामावर टॅक्स लावायची मुभा मिळाली, सुरुवात झाली ती गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आरोग्यस्थळांपासून, कारण तिथे मोसमात लोकसंख्या फुगायची आणि गावाच्या सोयी कमी पडायच्या. सॅन फ्रान्सिस्कोने १९६१ मध्ये हॉटेल टॅक्स सुरू केला, आज तो १४ टक्के आहे. म्हणजे मूळ विचार साधा आहे, बाहेरून आलेला माणूस तुमचे रस्ते, पाणी, सफाई, पोलीस, बस सगळं वापरतो पण तुमचा मालमत्ता कर भरत नाही, तर त्याने मुक्कामाच्या बिलातून थोडा वाटा उचलावा. मला हा विचार पूर्ण पटतो. माझा सगळा आग्रह एवढाच की वाटा ज्यासाठी घेतला त्यासाठी जावा.

आता आकारणी. युरोपात जुनी पद्धत माणशी दर रात्री ठराविक रक्कम अशी, अमेरिकेत खोलीच्या भाड्यावर टक्के. ठराविक रकमेची अडचण अशी की २० युरोच्या हॉस्टेलच्या कॉटवर ४ युरो म्हणजे २० टक्के झाले आणि ४०० युरोच्या खोलीवर तेच ४ युरो म्हणजे १ टक्का, शिवाय महागाई वाढते, भाडी वाढतात आणि टॅक्स आहे तिथेच. म्हणून अ‍ॅम्स्टरडॅमने आधीची ७ टक्के अधिक माणशी दर रात्री ३ युरो ही मिसळ पद्धत सोडून १ जानेवारी २०२४ पासून सरळ १२.५ टक्के केले. बर्लिनने ५ वरून २०२५ मध्ये ७.५ टक्के केले. क्योतोने मधला रस्ता घेतला, टप्पे. २०१८ मध्ये सुरू केलं तेव्हा २०० ते १,००० येन होतं, आणि १ मार्च २०२६ पासूनच्या टप्प्यांत रात्रीचं भाडं माणशी १ लाख येन किंवा जास्त असेल तर टॅक्स १०,००० येन. शाळेच्या सहली तिथे माफ आहेत, ही माफी मला फार योग्य वाटते.

टक्केवारीची पण एक गाठ आहे आणि तीच सगळ्यात जास्त कोर्टात जाते: टक्के कशाचे? पाहुण्याने वेबसाइटवर १०० भरले, हॉटेलला त्यातले ८० मिळाले, २० वेबसाइटने ठेवले, तर टॅक्स १०० वर का ८० वर? अमेरिकेतल्या शहरांनी ऑनलाइन ट्रॅव्हल कंपन्यांवर वर्षानुवर्षं खटले चालवले. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सॅन दिएगोच्या प्रकरणात शहराविरुद्ध निकाल दिला, टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या पुढाकाराने लढलेल्या शहरांच्या बाजूचा निकाल २०१७ मध्ये अपिलात उलटला. कारण जुने कायदे लिहिताना मधल्या वेबसाइटची कल्पनाच नव्हती, कायद्यात शब्द होते ते हॉटेल चालवणाऱ्याने घेतलेल्या भाड्याबद्दलचे. म्हणून नवीन नियम लिहिताना 'पाहुण्याने मुक्कामासाठी दिलेली एकूण रक्कम' असं लिहा आणि क्लीनिंग फी, सर्व्हिस फी त्यात धरली का नाही ते नाव घेऊन लिहा. नाहीतर भाडं ५० आणि क्लीनिंग फी ९० अशी बिलं बघायला मिळतात.

पाहुण्याच्या बिलावर जो आकडा दिसतो तो सगळा शहराचा नसतो हेही लक्षात घ्या. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलच्या बिलावर एकूण १४.७५ टक्के आणि वर खोलीमागे रात्रीचे साडेतीन डॉलर लागतात, पण त्यात शहराचा खास हॉटेल टॅक्स ५.८७५ टक्के, बाकी राज्याचा सेल्स टॅक्स, शहराचा सेल्स टॅक्स, वाहतूक जिल्ह्याचा छोटा वाटा, आणि साडेतीनमधला दीड डॉलर कन्व्हेन्शन सेंटरसाठीची (मोठ्या परिषदा-प्रदर्शनांच्या जागेसाठीची) राज्याची फी. तेव्हा कुणी म्हणालं की पर्यटक आपल्याला पंधरा टक्के देतात, तर विचारा, आपल्याला म्हणजे नक्की कुणाला.

वसुलीवर जरा थांबतो कारण माझा जीव यात अडकलेला आहे. हॉटेलची वसुली सोपी असते. हॉटेल एका जागी आहे, लायसन्स आहे, रिसेप्शनच्या सिस्टीममध्ये रोजच्या भरलेल्या खोल्यांचा हिशेब असतो, दर महिन्याला किंवा तिमाहीला रिटर्न येतं, ऑडिटर जाऊन रात्रीचा रिपोर्ट आणि बँकेचं स्टेटमेंट ताडून बघतो. घरगुती भाड्यात, म्हणजे घर पाहुण्यांना भाड्याने देण्यात, तेच काम हजारो मालकांवर पसरतं, कुणाची एक खोली, कुणाचे पंधरा फ्लॅट, कुणी तीन प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एअरबीएनबीसारख्या बुकिंगच्या वेबसाइटवर, आणि शिवाय फोनवर थेट बुकिंग घेणारा. प्रत्येकाच्या मागे ऑडिटर धाडायचा तर टॅक्सपेक्षा खर्च जास्त होतो. म्हणून २०१४ च्या आसपास प्लॅटफॉर्मनीच टॅक्स कापून भरायची पद्धत सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोत त्या ऑक्टोबरपासून एअरबीएनबी टॅक्स गोळा करायला लागली, अ‍ॅम्स्टरडॅमने त्याच वर्षाच्या शेवटी करार केला. शहरांना आनंद झाला, बसल्या जागी पैसे यायला लागले.

पण त्या काळातले बरेचसे करार ऐच्छिक होते आणि त्यांच्या अटी बघितल्या तर ऑडिट करणाऱ्या माणसाला झोप येणार नाही. महिन्याला एक एकत्रित रक्कम येणार, त्यासोबत कुठलं घर, कुणाचं, किती रात्री हे येणार नाही, मागच्या वर्षांची थकबाकी विचारायची नाही, आणि ऑडिट करायचंच असेल तर नाव-पत्ता झाकलेल्या आकड्यांवर करा. म्हणजे टॅक्स मिळतो पण शहर आंधळं राहतं. मग हाउसिंगवाला विभाग विचारतो की या गल्लीत किती घरं वर्षभर पर्यटकांना दिली जातात, तर टॅक्स विभागाकडे त्याचं उत्तर नसतं, कोट्यवधी जमा झालेले असले तरी. माझं ठाम मत आहे की माहितीशिवाय पैसा घेणारा करार करू नये, चार महिने उशीर झाला तरी चालेल. कायद्यातच बंधन घालावं. फ्रान्सने १ जानेवारी २०१९ पासून पैसे स्वीकारणाऱ्या प्लॅटफॉर्मना मुक्काम टॅक्स गोळा करणं बंधनकारक केलं. न्यूयॉर्कने ५ सप्टेंबर २०२३ पासून लोकल लॉ १८ ची अंमलबजावणी सुरू केली, त्यात रजिस्ट्रेशन नसलेल्या घराचं बुकिंग प्लॅटफॉर्मने प्रोसेसच करायचं नाही, आणि लिस्टिंगची, म्हणजे वेबसाइटवर भाड्याला लावलेल्या घरांची, संख्या धडाधड खाली आली. युरोपियन युनियनचा २०२४ चा नियम २० मे २०२६ पासून लागू, त्यात रजिस्ट्रेशन नंबर आणि प्लॅटफॉर्मने नियमित डेटा देणं आहे. ही खरी ताकद, दर नव्हे.

अजून एक गोष्ट जी बाहेरून दिसत नाही. बऱ्याच शहरांत टॅक्सची फाइल एका विभागात, परवान्याची दुसऱ्यात, तक्रारींची तिसऱ्यात, आणि तिघं एकमेकांशी बोलत नाहीत. परवान्यात लिहिलंय की वर्षाला ३० रात्रीच देता येतील (अ‍ॅम्स्टरडॅमने २०१९ मध्ये हीच मर्यादा घातली), आणि टॅक्स रिटर्नमध्ये त्याच पत्त्यावर १४० रात्रींचा टॅक्स प्रामाणिकपणे भरलेला असू शकतो. असं सापडलं की लोकांना वाटतं टॅक्स भरलाय म्हणजे कायदेशीर आहे. नाही हो. टॅक्स भरणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि नियमात हे वाक्य लिहून ठेवायलाच हवं की टॅक्स स्वीकारला म्हणून बेकायदा वापर कायदेशीर होत नाही. नाहीतर उद्या मालक पावती घेऊन कोर्टात उभा राहतो. पत्त्यानुसार दोन्ही याद्या दर तिमाहीला जुळवणं, एवढं साधं काम केलं तरी निम्मी गडबड बाहेर येते, त्यासाठी कुठलं महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

सवलतींवर फार लिहीत नाही. एडिंबरा २४ जुलै २०२६ पासून ५ टक्के लावतंय पण सलग मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींवरच. जर्मनीत कामासाठी आलेल्यांना वर्षानुवर्षं माफी होती, ते २०२२ मध्ये तिथल्या घटनात्मक कोर्टाने सांगितलं की त्यांच्यावरही शहर टॅक्स लावू शकतं, मग बर्लिनने एप्रिल २०२४ पासून ती माफी काढली. ऑडिटच्या दृष्टीने बरं झालं, कारण कामासाठी आलोय असं पत्र आणायला कुणालाच कष्ट पडत नव्हते.

आता खर्च. इथे ढोबळ मानाने तीन वाटा आहेत आणि प्रत्येक शहर यातली एक किंवा मिश्रण निवडतं. एक, पैसा सरळ शहराच्या सर्वसाधारण तिजोरीत, बर्लिनसारखा, दरवर्षी बजेटमध्ये ठरेल तसा. दोन, पैसा पर्यटनालाच बांधलेला. तीन, पैसा एखाद्या ठरलेल्या सामाजिक किंवा शहरी कामाला बांधलेला.

दुसरी वाट हॉटेलवाल्यांना सगळ्यात आवडते आणि त्यांचं कारण समजण्यासारखं आहे, आमच्या पाहुण्यांकडून घेताय तर पाहुणे वाढवायला खर्च करा. टेक्सासमध्ये शहराला हॉटेल टॅक्सचा प्रत्येक खर्च दोन कसोट्यांवर घासावा लागतो, खर्चाने पर्यटन आणि हॉटेल-कन्व्हेन्शनच्या धंद्याला थेट चालना मिळाली पाहिजे, आणि शिवाय तो कायद्यात दिलेल्या ठराविक प्रकारांपैकी एकात बसला पाहिजे. फ्लोरिडात १९७७ च्या कायद्याखाली काउंट्या (आपल्या जिल्ह्यासारखे भाग) पर्यटन विकास टॅक्स घेतात, तो साधारणपणे जाहिरात, कन्व्हेन्शन सेंटर, स्टेडियम, समुद्रकिनारे यांवरच जातो. ऑर्लँडो ज्या ऑरेंज काउंटीत आहे तिथे दर ६ टक्के, आणि २०२२-२३ मध्ये त्यातून ३५ कोटी डॉलरच्या वर जमा झाले. आता विचार करा, त्याच काउंटीत थीम पार्क आणि हॉटेलांत काम करणारी माणसं लांबून, अपुऱ्या बससेवेवर कामाला येतात, घरभाडं परवडत नाही म्हणून ओरड आहे, आणि तिजोरीत एवढा पैसा असूनही राज्याच्या कायद्यामुळे तो बससेवेला आणि घरांना मोकळेपणाने लावता येत नाही. जाहिरातीला मात्र लावता येतो, आणि जाहिरातीने आणखी पाहुणे येतात, त्यांना सांभाळायला आणखी कामगार लागतात, त्यांना राहायला आणखी घरं लागतात. हे चाक मी आकड्यांमधून फिरताना बघितलंय आणि मला ते अन्यायाचं वाटतं. प्रचाराला विरोध नाही, नवीन शहराला, मंदीतल्या शहराला तो लागतोच. पण ज्या शहरात हंगामात चालायला जागा नाही तिथे अजून लोक बोलावण्यावर ठराविक टक्के खर्च करायचं कायद्याने बंधन असणं म्हणजे कायदा जुना झाला.

तिसऱ्या वाटेची उदाहरणं मला जास्त भावतात. शिकागोने घरगुती भाड्यावर २०१६ मध्ये ४ टक्के जादा सरचार्ज बेघर लोकांच्या मदतीसाठी लावला आणि २०१८ मध्ये आणखी २ टक्के, घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्यांच्या निवाऱ्यासाठी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०१८ मध्ये आपल्या गावांना ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून येणारा मुक्काम टॅक्स परवडणाऱ्या घरांवर खर्च करायची मुभा दिली. न्यू ऑर्लिन्समध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदारांनी थोड्या दिवसांच्या भाड्यावर ६.७५ टक्के मंजूर केले, त्यातले तीन चतुर्थांश पायाभूत सोयींच्या फंडाला, म्हणजे पाणी-ड्रेनेजसारख्या कामांना, आणि एक चतुर्थांश पर्यटन प्रचाराला. ज्या शहरात पाऊस पडला की पंप टिकतील का याची काळजी असते तिथे ही वाटणी अगदी बरोबर आहे. पॅरिसच्या भागात २०२४ पासून मुक्काम टॅक्सवर २०० टक्के जादा आकार बसला, म्हणजे टॅक्स जवळपास तिप्पट, आणि तो वाढीव पैसा सार्वजनिक वाहतुकीला. बार्सिलोना पर्यटन टॅक्समधून सरकारी शाळांमध्ये उन्हाळ्याच्या गरमीपासून बचावाची कामं करतं, एसी, सोलर वगैरे. यावर काही हॉटेलवाले चिडले की शाळेचा पर्यटनाशी काय संबंध. संबंध आहे. ज्या वस्तीत पर्यटकांची गर्दी आहे त्या वस्तीतली मुलं तिथे शिकतात आणि त्यांच्या आईबापांनी ती गर्दी सहन केलेली असते.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट यात सगळ्यात शिकण्यासारखी. तिथे सुरुवातीपासून हॉटेल टॅक्समधून कलेच्या संस्थांना अनुदान मिळायचं, नाट्य, संगीत, वस्तीतले सण, मोठमोठ्या संस्थांपासून छोट्या गटांपर्यंत. पुढे तो धागा ढिला झाला, कलेचा हिस्सा दरवर्षीच्या बजेटच्या मर्जीवर गेला. मग कला क्षेत्रातल्या लोकांनी मोहीम काढली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रपोझिशन ई हा मतदारांसमोरचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने पास झाला, १४ टक्क्यांतल्या मूळ ८ टक्क्यांमधले १.५ टक्के कला आणि संस्कृतीसाठी बांधले गेले. दर एका पैशानेही वाढला नाही, फक्त आधीच येणाऱ्या पैशाला दिशा दिली. म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं, दर सोडा, कलम बघा.

पण बांधलेल्या पैशाची पण एक चोरवाट आहे. समजा नवीन टॅक्समधून घरांच्या योजनेला १० कोटी आले. त्याच वर्षी बजेटमध्ये घरांना आधीपासून जाणारे ८ कोटी हळूच दुसरीकडे वळवले, तर घरांना प्रत्यक्षात जास्तीचे २ कोटीच मिळाले, आणि कागदावर मात्र सगळं बरोबर, ऑडिटमध्येही बरोबर. म्हणून कलमात एक आधाररेषा लिहावी लागते: मागच्या दोन-तीन वर्षांचा सरासरी खर्च अमुक, त्याखाली शहराने स्वतःचा खर्च आणायचा नाही, नवा पैसा त्याच्या वर. हे वाक्य नसेल तर 'बांधलेला' म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. मतदानाच्या पत्रकात हे वाक्य शोधा, बहुतेक वेळा नसतं.

आणि वसुलीचा खर्च. रजिस्ट्रेशन तपासणारी माणसं, तक्रार आल्यावर रात्री जाणारे इन्स्पेक्टर, डेटा जुळवणारी टीम यांचा पगार या टॅक्समधूनच पहिल्यांदा निघाला पाहिजे, अशी माझी शिफारस नेहमीच असते. नाहीतर घोषणा मोठमोठ्या होतात आणि अंमलबजावणीला दोन माणसं उरतात, त्यातला एक रजेवर.

कर्जाबद्दल मात्र कडक बोलतो. मुक्काम टॅक्स हा शहराचा सगळ्यात चंचल पैसा आहे. मालमत्ता कर मंदीतही बऱ्यापैकी येतो, पण खोल्या रिकाम्या झाल्या की हा टॅक्स त्याच महिन्यात कोसळतो, २०२० मध्ये सगळ्या जगाने बघितलं. लास वेगासचं स्टेडियम बघा. २०१६ मध्ये नेवाडाने ठरवलं की ७५ कोटी डॉलर सार्वजनिक पैसा घालायचा आणि तो खोल्यांच्या टॅक्समध्ये ०.८८ टक्क्यांची वाढ करून फेडायचा. स्टेडियम २०२० मध्ये तयार झालं, पहिला सीझन प्रेक्षकांशिवाय गेला, हॉटेलं ओस, आणि बाँडचा, म्हणजे त्यासाठी काढलेल्या कर्जाचा, हप्ता भरायला राखीव निधीत हात घालावा लागला. राखीव निधी आधीच बाजूला काढलेला होता म्हणून निभावलं, नंतर पर्यटनही परत आलं. तुमच्या शहरात कुणी या टॅक्सवर तीस वर्षांचं कर्ज काढायचं म्हणत असेल तर पहिला प्रश्न राखीव किती, आणि दुसरा, टॅक्स कमी पडला तर फरक कोण भरणार, कारण उत्तर 'सर्वसाधारण तिजोरी' असेल तर तो हप्ता शेवटी रहिवासीच भरणार. मला विचाराल तर या पैशातला नेहमीच्या पगारांना आणि लांबच्या कर्जाला लागणारा भाग चांगल्या वर्षाच्या आकड्यावर नव्हे, वाईट वर्षाच्या आकड्यावर बेतावा आणि वरचा सगळा एकदाच करायच्या कामांना द्यावा, ड्रेनेजची लाइन, शाळेचं छप्पर, बसथांबे.

हे कलम ठरवतं कोण, तर देशागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात सर्वसाधारण टॅक्सला साधं बहुमत पुरतं पण विशिष्ट कामाला बांधलेला टॅक्स नगरपरिषदेने मांडला तर दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे प्रामाणिकपणे पैसा बांधायला जावं तर काम अवघड आणि मोकळा ठेवावा तर सोपं, हा उलटा न्याय आहे. सॅन दिएगोत मार्च २०२० मध्ये मेझर सी नावाच्या टॅक्सवाढीच्या प्रस्तावाला ६५.२४ टक्के मतं मिळाली, कन्व्हेन्शन सेंटर, बेघरांसाठी काम आणि रस्ते यांना पैसा. दोन तृतीयांशाला थोडक्यात कमी. पण तो प्रस्ताव नागरिकांच्या सह्यांतून आला होता म्हणून साधं बहुमत पुरेल का यावर खटला चालला, वर्षं गेली, आणि वाढीव टॅक्स प्रत्यक्ष सुरू झाला १ मे २०२५ ला. आधी १०.५ टक्के होता, आता जागेनुसार ११.७५ ते १३.७५. मँचेस्टरमध्ये तर टॅक्स लावायचा अधिकारच नव्हता, म्हणून तिथल्या मोठ्या हॉटेलांनीच मतदान करून एप्रिल २०२३ पासून खोलीमागे रात्रीला १ पौंड घ्यायला सुरुवात केली. पैसा आला, पण तो हॉटेलवाल्यांच्या मंडळाच्या हातात, त्यांनी ठरवलेल्या कामांसाठी. अधिकार नसलेल्या शहराची ती मर्यादा.

लोक विचारतात की टॅक्स वाढवला तर पर्यटक पळतील का आणि घरं स्वस्त होतील का. माझ्या अनुभवात एक-दोन टक्क्यांनी कुणी शहर बदलत नाही, लोक भाड्यातला चढउतार त्याहून जास्त सोसतात. आणि घरांचं म्हणाल तर टॅक्स हा ब्रेक नाही. वर्षभर पर्यटकांना फ्लॅट देण्यातला फायदा एवढा मोठा असतो की टॅक्स त्याला अडवत नाही, तो पाहुण्यावर ढकलला जातो. घरं परत हवी असतील तर परवाने आणि रात्रींची मर्यादा हेच हत्यार, बार्सिलोनाने म्हणूनच सांगितलंय की नोव्हेंबर २०२८ पर्यंत दहा हजारांवर पर्यटक फ्लॅटचे परवाने संपवणार. टॅक्सचं काम पैसा आणणं आणि माहिती आणणं. आणि जो रात्री राहतच नाही त्याच्यापर्यंत हा टॅक्स पोचत नाही, व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली ती याच कारणाने, मुक्कामाला थांबणारे त्यातून माफ कारण ते मुक्काम टॅक्स भरतातच.

तुम्हाला तुमच्या शहरात काही करायचं असेल तर तीन कागद मागा. मूळ नियमाचा मजकूर, जाहीर पत्रक नव्हे, मजकूर, त्यातलं खर्चाचं कलम आणि आधाररेषा आहे का ते बघा. मागच्या पाच वर्षांची महिन्यागणिक वसुली, हॉटेल आणि घरगुती भाडं वेगवेगळी, एकत्र दिली तर परत मागा. आणि तिसरा, सगळ्यात महत्त्वाचा, शहर ज्या पर्यटन प्रचार संस्थेला वाटा देतं तिच्याशी केलेला करार. बऱ्याच ठिकाणी ही संस्था खासगी असते, पैसा सार्वजनिक असतो, आणि माहितीच्या कायद्यात आम्ही येत नाही असं ती सांगते. टोरंटोसारख्या कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या शहरांना तर नियमाने या टॅक्समधला मोठा हिस्सा अशा पर्यटन संस्थेला द्यावाच लागतो, तेव्हा करारात हिशेब उघड करण्याची अट आहे का, पगार आणि जाहिरातीचा खर्च वेगळा दाखवायचाय का, कामगिरी मोजायची कशावर, आलेल्या माणसांवर की रहिवाशांना झालेल्या फायद्यावर, हे त्यातच लिहिलेलं असतं. कराराची मुदत कधी संपते ती तारीख शोधून ठेवा आणि त्याच्या सहा-आठ महिने आधी बजेट समितीत बोलायला जा, कारण मुदतवाढ बहुतेक वेळा चर्चेशिवाय मंजूर होणाऱ्या विषयांच्या यादीत टाकलेली असते, आणि एका नगरसेवकाने तो विषय यादीतून बाहेर काढा म्हटलं तरच त्यावर उघड चर्चा होते.